दहाचे तेरा

त्या रविवारी सकाळी सासूबाईंच्या तोंडून आवाजच फुटेना. आदल्या दिवशीच घसा बसला होता, आणि आता नुसती हवा बाहेर येत होती. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. आवाजावर जन्मभर पोट भरलं, आणि नेमक्या ज्या दिवशी तो हवा होता त्याच दिवशी तो बसला. स्वयंपाकघरात त्या सुनेसमोर उभ्या राहिल्या, स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"आई, आज नका जाऊ," सून म्हणाली. "डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

सासूबाईंनी तिचा कान जवळ ओढला आणि त्यात कुजबुजल्या, "मी नाही बोलणार. तू बोलशील."

सून गाडी शिकवायची. स्वतःची लहानशी शाळा होती, दोन गाड्या होत्या, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो जादा ब्रेक दोन्ही गाड्यांना होता. वस्तीतली निम्मी माणसं तिच्याच हाताखाली गाडी शिकली होती. गाडीत ती निर्धास्त बोलायची, पण चारचौघांत उभं राहून बोलायचं म्हटलं की तिचे हातपाय गळायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत पक्षाची वर्गणी सासूबाई सगळ्या घराची भरत, त्यामुळे कार्ड तिच्याही पाकिटात होतं, पण सभेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं.

यंदा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. कोणी उभं राहायचं हे त्यांच्या पक्षात वरून ठरत नसे. आधी वस्त्यावस्त्यांत सभा होत. सभासद ज्याच्या त्याच्या पसंतीच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत, डोकी मोजली जात, आणि त्या हिशेबाने वस्तीचे पाच प्रतिनिधी शहराच्या सभेला जात. तिथून निवडलेले लोक देशाच्या अधिवेशनाला. सासूबाई पन्नास वर्षं या सभेला जात होत्या. दर वेळी त्यांचा उमेदवार पडे, दर वेळी त्या तावातावाने भांडून घरी येत, आणि प्रतिनिधी म्हणून त्यांना कोणी एकदाही निवडलं नव्हतं.

"जा की गं तिला घेऊन," नवरा बूट चढवत म्हणाला. तो नळदुरुस्तीची कामं करायचा आणि या निवडणुकीत उमेदवार जनरलसाहेबांच्या बाजूचा होता. "आईचा आवाज बसलाय असा दिवस परत कधी यायचा? आज आम्हीच जिंकणार!"

सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. धपाट्याला आवाज लागत नाही.

सभा शाळेच्या व्यायामशाळेत होती. भिंतीला चढायच्या शिड्या, वर बास्केटबॉलची रिंग, जमिनीवर लाल-पिवळे पट्टे आणि रबरी बुटांचा वास. तीन भिंतींवर तीन कागद चिकटवले होते: अर्थमंत्री, जनरल, डॉक्टरीणबाई. मधल्या वर्तुळात खुर्च्या होत्या, तिथे ज्यांचं काही ठरलं नव्हतं त्यांनी बसायचं. अध्यक्षपदी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई होत्या. त्यांच्या गळ्यात खेळाच्या शिक्षकांची शिट्टी होती आणि ती वाजवायला त्या उतावीळ झाल्या होत्या हे दिसत होतं.

शिट्टी वाजली. माणसं हलली. बाकं सरकल्याचा आवाज, हाका, हशा. सासूबाई सरळ डॉक्टरीणबाईंच्या कागदाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुनेचं मनगट सोडलं नाही, त्यामुळे सूनही तिथेच उभी राहिली.

"एकूण चौऱ्याऐंशी," ग्रंथपालबाईंनी फळ्यावर लिहिलं. "अर्थमंत्री एक्केचाळीस. जनरल सव्वीस. डॉक्टरीणबाई दहा. न ठरलेले सात."

अर्थमंत्र्यांच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता नियम ऐका. शंभरात पंधरा माणसं ज्या गटात नाहीत तो गट बाद. आज तेरा माणसं लागतात. अर्धा तास आहे. ज्याला जिथे जायचं तिथे त्याने जावं. अर्ध्या तासाने शिट्टी झाली की जो जिथे असेल तिथे मोजला जाईल. दहाजणांच्या गटाने तीन माणसं मिळवावीत, नाहीतर दुसरा कोपरा धरावा."

सासूबाईंची नखं सुनेच्या मनगटात रुतली. "तीन," त्या कुजबुजल्या. "फक्त तीन! चल."

"कुठे?"

"खुर्च्यांकडे. मी सांगते ते मोठ्याने बोल."

खुर्च्यांभोवती आधीच गर्दी झाली होती. अर्थमंत्र्यांच्या गटाचे म्होरके वकीलसाहेब होते, नेहमी इस्त्रीतले, आवाज असा की माइक लागू नये. ते एका खुर्चीच्या पाठीवर हात टेकून बोलत होते. दुसऱ्या बाजूने नवरा आणि त्याचे दोन मित्र जनरलसाहेबांची बाजू लढवत होते. खुर्च्यांवरचे सातजण मात्र मजेत होते. एरवी ज्यांना कोणी विचारत नाही अशी माणसं आज भाव खात होती.

कडेला बेकरीवाले आणि त्यांची बायको बसले होते. सून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या कानाशी सासूबाई.

"डॉक्टरीणबाईंनी..." सुनेचा आवाज चिरकला. तिने खाकरून पुन्हा सुरुवात केली. "डॉक्टरीणबाईंनी आरोग्यखात्यात असताना बत्तीस दवाखाने उघडले. बत्तीस ना, आई? हो, बत्तीस. आणि... काय? आणि परिचारिकांची भरती केली. आणि त्यांचं धोरण..."

बेकरीवाल्यांनी जांभई दिली. पहाटे तीनला उठणारा माणूस, त्यांचा काही दोष नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "हे सगळं पत्रकात वाचलं मी. तुम्ही स्वतः का आहात त्यांच्या बाजूला?"

खरं उत्तर असं होतं की सासूबाईंनी मनगट धरलं म्हणून. ते काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात वकीलसाहेब त्यांच्याकडे वळले. त्यांनी सासूबाईंना बाजूला घेतलं, म्हणजे दोघींना, कारण सुनेशिवाय सासूबाईंना आज बोलता येत नव्हतं.

"आजी, स्पष्टच बोलतो," ते म्हणाले. "तुमचे दहाजण काही तेरा होत नाहीत. ते इकडे आले तर आमचे तीन प्रतिनिधी नक्की होतात. त्यातली एक जागा तुमची. मी शब्द देतो. पन्नास वर्षं तुम्ही पक्षासाठी झिजलात, तुम्हाला कधीच पाठवलं नाही याची मलाही लाज वाटते."

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा तिने कधी पाहिला नव्हता. रागही नव्हता, हसूही नव्हतं. ओठ नुसते हलले. दुकानाच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसासारख्या त्या बघत होत्या, आणि दार कोणीतरी आतून उघडलं होतं.

"काय सांगू त्यांना?" सुनेने विचारलं.

सासूबाईंनी तिला दोन पावलं मागे नेलं. फळ्यावरच्या घड्याळात एकोणीस मिनिटं उरली होती. त्या तिच्या कानाशी आल्या. मग म्हणाल्या, "तू काय म्हणतेस?"

सुनेला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बावीस वर्षांत या बाईने तिला हजार गोष्टी सांगितल्या होत्या: पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत, मुलीला कुठल्या शाळेत घालावं, मतदानाला कोणती साडी नेसावी. विचारलं मात्र काहीच नव्हतं.

"मी?"

"तू. पटकन सांग. वेळ नाही."

आणि मग सुनेच्या तोंडून ते बाहेर पडलं, जे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. "आई, तो टीव्हीवरचा वाद आठवतो? मी इस्त्री करत होते. तिघा उमेदवारांना विचारलं, उद्या सीमेवर गोळीबार झाला तर पहिला हुकूम काय द्याल. जनरलनी एका दमात सांगितलं. अर्थमंत्र्यांनी दोन दमांत. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज मला माहीत नाही, त्या दिवशी समोर काय असेल ते बघून ठरवीन. सगळे हसले. तुम्ही कपाळाला हात लावलात. मी नाही हसले. मला त्या आवडल्या. तेव्हापासूनच आवडतात."

सासूबाईंनी तिला खुर्च्यांकडे वळवलं.

"मग हे सांग ना बाई त्या पाववाल्याला!" त्या इतक्या जोरात कुजबुजल्या की वकीलसाहेबांनाही ऐकू गेलं. मग त्यांनी वकीलसाहेबांकडे वळून हात जोडले आणि मान नाही म्हणून हलवली. एकदाच, पण ठाम.

सून बेकरीवाल्यांकडे जवळजवळ धावतच गेली.

"तुम्ही विचारलंत ना मी का आहे? सांगते. सोळा वर्षं गाडी शिकवतेय. शेजारी कोणीही बसवा, पहिल्या वळणावर मला कळतं. जो म्हणतो, मॅडम, सगळं येतं मला, त्याच्या वेळी माझा पाय ब्रेकवरून हलत नाही. जो म्हणतो, इथे काय करायचं मला कळत नाही, थांबून बघू का, त्याला मी महिन्याभरात एकटं सोडते. आठवतं का, तुम्ही काय म्हणाला होतात? चढावर?"

बेकरीवाल्यांच्या बायकोला हसू फुटलं. "म्हणाले होते, मला नाही जमत, खाली उतरतो!"

"आणि आज दोन टनांची व्हॅन चालवतात! डॉक्टरीणबाई सगळ्या देशासमोर मला माहीत नाही म्हणाल्या. त्या वेळी टीव्हीवर नव्वद लाख लोक बघत असतील की नाही? अशा बाईच्या शेजारी मी पाय ब्रेकवर न ठेवता बसेन. बाकी दोघांच्या नाही."

ती थांबली तेव्हा तिला कळलं की आजूबाजूचे सगळे ऐकत आहेत. कान लाल झाले होते. पण बेकरीवाले उठले. बायकोचा हात धरून ते चालायला लागले, लाल पट्टा ओलांडून, डॉक्टरीणबाईंच्या कागदाखाली. त्या कोपऱ्यातल्या आठजणांनी असा काही आरडाओरडा केला की जणू चषकच जिंकला.

"बारा!" कोणीतरी ओरडलं.

आता सगळ्या सभागृहाला तो आकडा लागला. बारा. एक हवा. अर्थमंत्र्यांचा कोपराही गप्पा सोडून बघायला लागला. खुर्च्यांवर पाचजण उरले होते. त्यांतले तिघे वकीलसाहेबांनी हातोहात उचलले. दोघांना जनरलवाल्यांनी मिठ्या मारत नेलं. खुर्च्या रिकाम्या झाल्या.

सहा मिनिटं.

"झालं," सून म्हणाली. "आता माणूसच नाही उरला."

"चौऱ्याऐंशी माणसं आहेत," सासूबाई कुजबुजल्या. "ओरड. सगळ्यांना ऐकू दे."

सून एका खुर्चीवर चढली. दोन तासांपूर्वी कोणी तिला सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. "एक माणूस हवाय!" ती ओरडली. "एकच! तुमच्या उमेदवारांचं काही बिघडणार नाही, पण या बाईंचं नाव शहरापर्यंत तरी जाऊ दे! माझ्याकडे शिकलेल्यांनी हात वर करा!"

सगळीकडून हसत हसत हात वर आले. वीस, पंचवीस, तीस. हात वर आले, पाय मात्र कोणाचे हलेनात.

आणि मग जनरलच्या कोपऱ्यातून नवरा निघाला. मित्र त्याला मागे खेचत होते. तो हसत हसत पट्ट्यापर्यंत आला. डॉक्टरीणबाईंच्या कोपऱ्यात एकच जल्लोष.

"येतो बाबा," तो म्हणाला. "मला घरात राहायचंय."

सून खुर्चीवरून खाली उतरली. "अहो, तुम्हाला त्या पटतात का? डॉक्टरीणबाई?"

"छे! मला तू पटतेस."

"मग तिकडेच थांबा."

"काय?"

"मी उभी नाहीये निवडणुकीला. तिकडेच थांबा तुम्ही."

सासूबाईंनी तिला कोपराने असं ढोसलं की ती कळवळली. "वेडी का तू?" हे कुजबुजणं नव्हतंच, बसलेल्या घशातून निघालेली किंचाळी होती. "येतोय ना तो! तेरा होतायत!"

"आई, पुढच्या महिन्यात ते परत जनरलचंच गाणं गाणार. आणि वकीलसाहेब म्हणतील, बघा, घरातली माणसं गोळा करून तेरा केले. नको मला."

नवरा पट्ट्यावर एक पाय ठेवून उभा होता. आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग त्याने टोपी काढली, बायकोला थाटात लवून नमस्कार केला आणि परत गेला. जनरलवाल्यांनी त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

"दोन मिनिटं!" ग्रंथपालबाईंनी शिट्टी ओठांपाशी नेली.

सासूबाई जमिनीकडे बघत होत्या. आपण हे काय केलं? पन्नास वर्षांनी बाईला दार उघडं दिसलं, एक आपल्या शब्दावर तिने सोडलं, आणि दुसरं आपण स्वतः लावून घेतलं. तिला रडू आवरेना. तिने मान वर केली ती याचसाठी, की पाणी डोळ्यांतून खाली पडू नये. म्हणून तिला आधी दिसलं.

अर्थमंत्र्यांच्या कोपऱ्यातून एक बाई निघाली होती. सावकाश, दोन्ही बाजूंना बघत, रस्ता ओलांडावा तशी. शिवणकाम शिकवणाऱ्या, बुटक्या, चष्मेवाल्या. वकीलसाहेबांची बायको.

सुनेला सगळं आठवलं. पाच वेळा गाडीच्या परीक्षेत नापास, सहाव्यांदा पास. दर वेळी परीक्षकाला खरं सांगायची, मला आरशात नीट दिसलं नाही म्हणून.

"अगं, कुठे चाललीस?" वकीलसाहेबांचा माइक न लागणारा आवाज अख्ख्या व्यायामशाळेत घुमला.

"इथेच," ती न वळता म्हणाली.

"तुझी पर्स इकडे राहिली!"

"राहू दे. सांभाळा जरा."

एका मिनिटाच्या आत तिने पिवळा पट्टा ओलांडला, मग लाल. सुनेसमोर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तो वाद मीही पाहिला होता. आमच्या घरी पण सगळे हसले होते."

शिट्टी वाजली. ग्रंथपालबाई प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजत आल्या. दहा. अकरा. बारा. सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून, "तेरा."

पुढे काय झालं ते सुनेला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. बेकरीवाल्यांनी तिला उचललं होतं. शिडीवर कोणीतरी चढलं होतं. फळ्यावर आकडे आले: अर्थमंत्री त्रेचाळीस, जनरल अठ्ठावीस, डॉक्टरीणबाई तेरा. प्रतिनिधी दोन, दोन, एक. अर्थमंत्र्यांची तिसरी जागा त्या एका माणसाने घालवली होती, आणि जनरलवाले त्या आनंदात डॉक्टरीणबाईंच्याच घोषणा देत होते, नवरा सगळ्यांत जोरात. वकीलसाहेब पर्स हातात धरून उभे होते. मग तेही आले, त्यांनी सुनेशी हात मिळवला आणि बायकोला म्हणाले, "घरी गेल्यावर मला जरा समजावून सांग, काय पाहिलंस तू त्या वादात." थट्टा नव्हती ती. खरंच विचारत होते.

एका प्रतिनिधीचं नाव द्यायचं होतं. बाकीच्यांनी सुनेकडे बघितलं.

"याच," बेकरीवाले म्हणाले. "मॅडमच. दुसरं कोण?"

सून काही म्हणायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. "मी जाणार! पन्नास वर्षं झाली. हिला पुढच्या वेळी पाठवा, ही तरुण आहे."

सगळे पोट धरून हसले. आणि तेरा हात वर आले, सुनेचा सगळ्यांत आधी.

शहराच्या सभेपर्यंत सासूबाईंचा घसा उघडला. तिथे त्यांना तीन मिनिटं दिली होती, त्या अकरा मिनिटं बोलल्या, आणि देशाच्या अधिवेशनाला निघालेल्या नऊ जणांत त्यांचं नाव आलं. उन्हाळ्यात त्या चार दिवसांची बॅग घेऊन गाडीत बसल्या.

अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता तेव्हा सून आपल्या गाडीच्या शाळेच्या छोट्या ऑफिसात टीव्हीसमोर होती. दोन शिकाऊ विद्यार्थी, नवरा आणि शिवणकामाच्या बाई दाटीवाटीने बसले होते. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. दुसऱ्या फेरीत एकेका प्रांताचं नाव पुकारलं जात होतं, आकडे चढत होते, डॉक्टरीणबाई आणि अर्थमंत्री पाठोपाठ. शिवणकामाच्या बाईंनी दोन नखं कुरतडून संपवली. शेवटच्या प्रांतावर एकोणीस मतांनी अर्थमंत्री पुढे गेले. उमेदवार ते झाले.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे इतका कल्ला होता, बँड, टाळ्या, शिट्ट्या, की सुनेने फोन कानापासून लांब धरला, आणि तरी सासूबाईंचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"हरलो गं! एकोणीस मतांनी! एकोणीस! माझा माणूस आजवर कधी दोनशेच्या आत हरला नव्हता! आणि ऐक, डॉक्टरीणबाई आत्ता इथे माझ्यासमोरून गेल्या, मी त्यांचा हात धरला, सोडलाच नाही, तुझं सगळं सांगितलं त्यांना, ब्रेकचं! त्या म्हणाल्या... थांब, ऐकू येतंय का तुला? अगं, ऐकू येतंय का?"

"येतंय, आई!" सून ओरडली. ती उभी राहिली होती, आणि तिच्याबरोबर सगळं ऑफिस. "बोला तुम्ही! काय म्हणाल्या?"